'विश्राम'मधला शेवटचा स्टॉप

'विश्राम', तावुआ
१४ फेब्रुवारी १९९९

हेमराज,

अक्षर ओळखलं असशील. लगेच फाडू नकोस. फोनवर माझा आवाज आला की तू रिसीव्हर ठेवतोस. कागदावर निदान मला कोणी मध्येच तोडत नाही. सगळा जन्म शाळेत शिकवण्यात गेला, त्यामुळे समोरचा गप्प बसून ऐकतो आहे असं धरूनच मी बोलते.

बारा वर्षांनी लिहिते आहे म्हणजे काम आहे, हे तुला सांगायला नको. आई गेली तेव्हा तू ब्रिस्बेनहून आला नाहीस, त्याबद्दल मी या पत्रात काहीही लिहिणार नाही.

काम असं. आपल्या जमिनीचा पट्टा येत्या ३१ ऑगस्टला संपतो. आजाने तो १९४९ साली पन्नास वर्षांसाठी जमिनीच्या मूळ मालकांकडून, वुनीसेई गावाकडून घेतला, आणि बाबूजींच्या मागे तो तुझ्या-माझ्या नावावर झाला. पट्टा पुन्हा मिळाला नाही तर जमीन गावाकडे परत जाईल आणि जमिनीबरोबर घरही. लाउटोकाला जाऊन मी जमिनीच्या कचेरीत विचारून आले. टेबलामागे माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचा एक मुलगा होता.

"बाई, कागद आम्ही करतो. पण हो म्हणायचं ते गावानं. वुनीसेईच्या लोकांनी अजून हो म्हटलेलं नाही."

"नाही म्हटलंय का?"

"नाही पण म्हटलेलं नाही."

"मग मी काय समजू?"

तो टाय सरळ करत बसला.

घर उभं आहे. जिन्याच्या तिसऱ्या पायरीला वाळवी लागली आहे, ती ओलांडून चढावं लागतं. पोर्च अजून तसाच, आख्खी बस आत येईल एवढा उंच. आजीला पावसात भिजावं लागू नये म्हणून आजाने तो बांधला, आणि आजी मरेपर्यंत त्या पोर्चमध्ये बसमधूनच उतरली. लोक हसायचे. ऊसमळ्याच्या चाळीत जन्मलेला गिरमिटिया मजुराचा पोर, आधी बैलगाडी, मग फळ्या टाकलेली लॉरी, मग सतरा बसगाड्या, आणि बायकोला मोटार घेऊन देत नाही! आजा म्हणायचा, बसवाल्याची बायको बसनेच जाणार.

बागेतले स्टॉप तुला आठवतात का? घराभोवतीची गोल वाट, आंब्याखाली 'मार्केट', चाफ्याखाली 'शाळा', फणसाखाली 'मिल', प्रत्येक झाडाला पत्र्याची पाटी. तू ड्रायव्हर आणि मी कंडक्टर, कारण स्टिअरिंग मी हातात घेतलं की तू रडायचास. पाट्या मी गेल्या वर्षी रंगवून घेतल्या. 'शेवटचा स्टॉप' ही पाटी मात्र शेडमध्ये पडून आहे. ती लावायला जागा नाही, आणि का नाही ते तुला चांगलं ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यात मी यंगोनाच्या मुळांची जुडी घेऊन गावात जाऊन आले. बरोबर आपला जुना ड्रायव्हर जोसाया होता. तो पलीकडच्या गावचा, त्यामुळे रीतभात त्याला माहीत. गावचे प्रमुख रातू इसिकेलींनी जुडी घेतली, मुळं कुटून पाण्यात कालवली, त्या पेयाची वाटी फिरली. रग्बीवर बोलणं झालं, उसाच्या भावावर झालं. मी घराचा विषय काढला की सगळे छान हसायचे आणि कोणीतरी वाटी पुढं करायचं. पोटात आणखी जागा नव्हती तेव्हा उठले.

लाइसानी रस्त्यापर्यंत सोडायला आली. आईची मैत्रीण, तुला खोबऱ्याच्या दुधात शिजवलेला दालोचा कंद भरवणारी. आता केस पांढरे झाले आहेत.

"आमच्या म्हाताऱ्यांचे गुडघे दुखतात गं," ती म्हणाली.

"म्हणून हल्ली आमच्या बागेत येत नाहीत?"

"येऊन बसायचं कुठं? बसायची जागा राहिली नाही ना."

एवढंच बोलून ती मागे वळली.

गावात तुझ्याबद्दल मी काही बोलले नाही. तेवढं मात्र कळव, जुलैमध्ये तुला सुट्टी मिळते का?

तुझी
दयावंती दीदी


'विश्राम'
२ एप्रिल १९९९

हेमराज बाबू,

चिठ्ठी मिळाली. एवढं थोडक्यात मला शिपायानेही कधी लिहिलं नव्हतं.

तू लिहितोस, 'घर घेऊन टाका म्हणावं. मला नको.' तुला नकोच आहे. तुझं ब्रिस्बेनला घर आहे, गॅरेज आहे, त्यात दोन गाड्या आहेत. मी कुठे जाऊ? निवृत्तीनंतर मी लाबासाहून इथे आले ती मरायला आले. आईची खोली, बाबूजींची आरामखुर्ची, आजाने लावलेला चाफा, एवढंच माझं जग आहे आणि मला ते पुरतं. ऑगस्टनंतर मी कोणाच्या वऱ्हांड्यात खुर्ची टाकून बसू, ते एका ओळीत लिहून कळव.

पुढे लिहितोस, 'मी विचारून केलं होतं. कोणी नाही म्हटलं नव्हतं.'

हे वाक्य मी चौदा वर्षं ऐकते आहे. आज त्याचं उत्तर देते, कारण आता ते न देऊन भागणार नाही.

बागेच्या मागच्या टोकाला तो मातीचा उंच चौथरा होता. दगडांनी बांधलेला, कमरेएवढा. आपलं घर उठण्याच्या कितीतरी आधी वुनीसेई गाव तिथे होतं आणि त्या चौथऱ्यावर त्यांच्या मूळपुरुषाचं घर होतं. पट्टा देताना रातूंच्या वडिलांनी आजाला एकच गोष्ट सांगितली: ते सोडून बाकी काय हवं ते लाव. आजाने त्यावर गवताची काडी लावली नाही. आपला खेळ तिथे आला की बस थांबायची, चपला काढायच्या, अनवाणी वळसा घालायचा आणि परतीला लागायचं. शेवटचा स्टॉप. रविवारी चर्चहून येताना गावातले म्हातारे तिथे येऊन बसायचे आणि आजी त्यांना चहा पाठवायची.

८५ साली तुझ्या लग्नाचा मांडव बसेना. सपाट लॉन हवं होतं. तू जुडी घेऊन गावात गेलास, विचारलंस. त्यांनी ऐकलं, वाटी फिरवली, कोणी काही बोललं नाही. तू घरी येऊन बाबूजींना म्हणालास, "झालं, परवानगी मिळाली," आणि दुसऱ्या दिवशी बुलडोझर आणलास. मी लाबासाहून लग्नाला आले तेव्हा तिथे हिरवंगार लॉन होतं आणि त्यावर पांढऱ्या खुर्च्या.

अरे, तू याच मातीत वाढलास. ती माणसं पाहुण्याच्या तोंडावर नाही म्हणत नाहीत, हे तुला मी सांगायचं? ती गप्प बसतात. गप्प बसणं हेच त्यांचं नाही. तुझ्या लग्नाला गावातलं एक माणूस आलं नाही. आपल्या घरची प्रत्येक पंगत त्यांच्या बायकांच्या हातची असायची आणि त्या दिवशी चुलीपाशी कोणी नव्हतं. तू म्हणालास, चर्चमध्ये काहीतरी असेल. नंतर वुनीसेईच्या फाट्यावर आपल्या बसला कोणी हात करेना. ऊन असो, पाऊस असो, माणसं उभी राहायची आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या गाडीत चढायची. तरीही तुला ऐकू आलं नाही. कोणी ओरडल्याशिवाय तुला ऐकू येतच नाही.

चिठ्ठीतलं शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. '८७ साली नाक्यावर मला बसमधून खाली ओढलं, काचा फोडल्या, धोतरावरून बाबूजींची चेष्टा केली. माझी माफी कोण मागणार?'

कोणी मागणार नाही, हेमराज. लष्कराने सरकार उलथलं त्या वर्षी आपल्या लोकांचं जे झालं ते वाईटच झालं. नाक्यावरच्या त्या पोरांत आपल्या गावचा कोणी नव्हता, पण तेवढ्याने तुझं दुखणं कमी होत नाही, हे मला कळतं. तुझा राग खोटा आहे असं मी कधी म्हटलं नाही. माझं म्हणणं एवढंच, की तुझ्या रागाचा हिशेब इसिकेलींकडे नाही आणि त्यांच्या रागाचा हिशेब मात्र तुझ्याकडे आहे.

जुलैचं लिहिलं नाहीस.

दीदी


'विश्राम'
३० मे १९९९

हेमराज,

ऊस तोडायला अजून अवकाश आहे, पण गावात डुकरं राखून ठेवायला लागले आहेत. का ते सांगते. आधी बैस.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, गावात तुझ्याबद्दल काही बोलले नाही. ते खरं नव्हतं. फेब्रुवारीत वाटी फिरत असताना मला राहवलं नाही आणि मी म्हणाले, "हेमराज येणार आहे. जुलैत. तुमच्यासमोर बसायला."

त्या दिवशी पहिल्यांदा रातूंनी माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाले, "बसायला म्हणजे? लॉनवर खुर्ची टाकून?"

"नाही. चटईवर. दारापाशी."

मग कोणी हसलं नाही आणि कोणी वाटीही पुढे केली नाही. दिवस ठरला, शनिवार, १७ जुलै.

शिव्या दे. मी तुझ्या नावाने शब्द दिला, तुला न विचारता. लहानपणी तुझ्या नावाने मिठाई घेऊन यायचे तसं. पण पट्टा संपत आला होता आणि माझ्याकडे देण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

आता नीट वाच. ज्याने केलं त्याने स्वतः यायचं असतं. त्याने खाली मान घालून दारापाशी बसायचं, एक शब्द बोलायचा नाही. त्याच्या वतीने दुसरा बोलतो. जोसाया तयार आहे. समोर ठेवायचा तो तांबुआ, देवमाशाचा दात. त्यांनी दात उचलला की झालेलं पुरलं गेलं, त्यावर पुन्हा कोणी बोलत नाही. नाही उचलला तर नाही.

आणि दात कुठला ठेवायचा? रस्ता तयार करून आजाची पहिली बस वुनीसेईत गेली तेव्हा रातूंच्या वडिलांनी आजाच्या हातात दिलेला दात. तो बाबूजींच्या कपाटात, मखमलीच्या तुकड्यात असायचा. कपाट आता रिकामं आहे. तू जाताना तो घेऊन गेलास. मावसबहीण तुझ्याकडे येऊन गेली तेव्हा तिने पाहिला, तुझ्या बैठकीत, टीव्हीच्या वर.

तो घेऊन ये. विमानतळावर कागद विचारतील, ते मी इथून चौकशी करून पाठवते. तिकीट मी काढते. चार दिवस ये, बस, आणि परत जा. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. जेवायला वेगळं वाढेन.

हेमराज, मी तुझ्याकडे कधी काही मागितलं का? आता मागते आहे.

दीदी


'विश्राम'
९ जुलै १९९९

हेमराज,

पार्सल मिळालं.

पोस्टमन सहीचा कागद पुढे करत म्हणाला, "दीदी, ब्रिस्बेनहून आलंय, जड आहे, भावानं काहीतरी मोठं पाठवलं." मला वाटलं कपडे असतील, आधी सामान पाठवून मागून स्वतः येतोस. पोर्चमध्येच उघडलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेला दात, आणि सोबत चिठ्ठी: 'हे घे. तुला जे करायचं ते कर.'

पार्सलने क्षमा मागतात हे मला माहीत नव्हतं. बसल्या जागी चाफ्याची पानं मोजत राहिले आणि मग रडले. तू म्हणशील दीदी नाटकी आहे. असू दे. बाबूजी गेले तेव्हाही मी एवढी रडले नव्हते.

नंतर दात हातात घेतला. त्याची नारळाच्या काथ्याची दोरी कुठे गेली? तिच्या जागी पितळेची साखळी, आणि बाजूला भिंतीच्या खिळ्यासाठी पाडलेलं भोक. ड्रिल केलंस?

साखळी काढून मी दात लाइसानीकडे नेला. तिने भोकावर बोट ठेवलं. मी सांगायला तोंड उघडलं तर म्हणाली, "नको सांगू. मला दिसतंय." तीन दिवस बसून तिने काथ्या वळला, वेणी घातली, नवी दोरी ओवली. काम करताना एकदाच तिने विचारलं, "पण तो येतोय ना?"

मी हो म्हटलं. आता आठ दिवस उरलेत आणि माझ्या हातात हा दात आणि एक खोटं हो आहे. रविवारी लाउटोकाहून फोन करेन. उचल.

दीदी


'विश्राम'
१८ जुलै १९९९

हेमराज,

काल झालं.

तू फोन उचलला नाहीस. शुक्रवारच्या विमानातही नव्हतास. जोसाया नांदीच्या विमानतळावर शेवटचा प्रवासी बाहेर पडेपर्यंत उभा होता. परत येऊन म्हणाला, "दीदी, निरोप पाठवू? आजारी आहे म्हणू?" मी नको म्हटलं. एक खोटं पुरे झालं होतं.

सकाळी आम्ही दोघं गेलो. सभेच्या मोठ्या घरात चटया पसरल्या होत्या, पुरुष वरच्या बाजूला, बायका भिंतीला. मी दारापाशी बसले. दात मध्ये ठेवला. जोसाया बोलला आणि छान बोलला. आजाचं नाव घेतलं, रस्त्याचं, पहिल्या बसचं, मग चौथऱ्याचं.

बोलणं संपल्यावर रातू इसिकेलींनी विचारलं, "जोसाया, तू ज्याच्यासाठी बोलतोयस तो माणूस कुठाय? मला तर एक मास्तरीणच दिसतेय."

मी बोलायचं नव्हतं. पण जोसायाला बिचाऱ्याला काय उत्तर देता येणार?

"तो आला नाही," मी म्हटलं. "येईल असं मी सांगितलं होतं. ते माझं म्हणणं होतं, त्याचं नव्हतं."

मग रातू शेजारच्याशी कोणाच्या तरी डुकराबद्दल बोलू लागले. बोलणी सुरू झाली, वाटी फिरू लागली. मलाही वाटी आली, मी प्यायले. दात मध्ये तसाच. कोणी त्याच्याकडे बघेना.

दुपार झाली. बायकांनी जेवण वाढलं, मलाही वाढलं, अगदी मायेने. जोसाया कानाशी वाकून म्हणाला, "चला दीदी, उठू. त्यांनी हाकलून दिलं नाही, जेवायला घातलं. एवढ्यावर निघावं."

"हेमराजही एवढ्यावरच निघाला होता," मी म्हटलं.

मी उठले नाही. माझे गुडघे तुला माहीत आहेत. एक पाय मेला, मग दुसरा. बाहेर पोरं रग्बी खेळून परत आली, दारातून डोकावली, आयांनी हुसकावली. मिलची शिट्टी झाली. ऊन माझ्या मांडीवरून सरकत भिंतीवर गेलं. आयुष्यभर मी दुसऱ्यांना गप्प बसवलं, हेमराज, पण गप्प बसणाऱ्याबरोबर गप्प बसायला मला कोणी शिकवलं नव्हतं. मला ओरडावंसं वाटत होतं. काय आहे ते एकदा बोला, आणि मला घरी जाऊ द्या!

शेवटी रातूच म्हणाले, "बाई, किती वेळ बसणार?"

"तुम्ही नाही म्हणेपर्यंत."

"आम्ही नाही म्हणत नसतो."

"माहीत आहे. म्हणून तर बसले आहे."

कोणीतरी म्हातारं आधी फिसकन हसलं. मग दुसरं. रातू हसले नाहीत. ते गुडघ्यावर सरकत पुढे आले आणि त्यांनी दात उचलला. अंगठा फिरवला, भोकापाशी थांबवला.

"भिंतीला लावला होता?"

"हो."

"टीव्हीच्या वर?"

त्यांना कसं कळलं कोण जाणे. मी मान हलवली.

"माझ्या बापानं हा तुझ्या आजाला दिला," ते म्हणाले, "तेव्हा मी त्या बसच्या टपावर बसलो होतो. खाली उतर म्हणून बाप ओरडत होता आणि तुझा आजा म्हणत होता, राहू दे, आज तिकीट नाही." त्यांनी दात छातीशी धरला आणि सगळ्यांनी ओंजळीच्या टाळ्या वाजवल्या. तो आवाज लहानपणी ऐकला होता. मला उठता येईना, लाइसानीने आणि आणखी एकीने काखेत हात घालून उभं केलं.

पट्ट्याचं ते काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. ऑगस्ट जवळ आला आहे आणि मला झोप नाही, पण काल विचारणं बरं दिसलं नसतं.

तू असतास तर तुझ्या शेजारी बसले असते. एवढंच लिहायचं होतं.

दीदी


'विश्राम'
२९ ऑगस्ट १९९९

हेमू,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस.

रातू इसिकेली आठ तारखेला घरी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. गेटवर चपला काढल्या, पोर्चखालून सरळ मागे गेले आणि लॉनच्या कडेला उभे राहिले. मी खुर्ची आणली तर म्हणाले नको. मग म्हणाले, "चौथरा उभा करायचा. माती कुठं टाकली?"

माती मला ठाऊक होती. तुझ्या बुलडोझरने ती बसशेडमध्ये नेली आणि गाड्या चढायला तू उतार केलास. चौथऱ्याचे दगड गुलाबांच्या वाफ्यांना लावलेले. मी एकेक दाखवत गेले.

पायरीवर बसून चहा घेताना ते म्हणाले, "पट्टा देऊ. पुढची पन्नास वर्षं. कचेरीत सांगितलंय. पण कागदावर जो बसला त्याचं नाव. जो बसला नाही त्याचं नको."

"तो माझा भाऊ आहे, रातू."

"आहेच की. भाऊ थोडाच काढून घेतोय आम्ही? नाव तेवढं काढ."

मी मुदत मागितली. त्यांनी दिली. त्या मुदतीत मी तुला दोनदा फोन केला. दोन्ही वेळेला तुझ्या बायकोने उचलला आणि दोन्ही वेळेला 'ते बाहेर गेलेत' म्हणाली. दुसऱ्यांदा तिच्यामागे तू खोकलास. तो खोकला बाबूजींचा आहे, मी आंधळी असते तरी ओळखला असता.

मी सही केली, हेमू. शुक्रवारी, लाउटोकाला. टायवाल्या मुलाने तुझ्या नावावर रेघ मारली आणि मला दाखवली, बरोबर आहे का म्हणून. बरोबर होती. आजाने बांधलेल्या घरात आता तुझं काही नाही. हा निर्णय माझा आहे, गावावर ढकलू नकोस. मी घर आणि तू यांच्यातलं घर निवडलं, कारण घराने फोन ठेवला नव्हता. तरी बसमधून परत येताना मला वाटलं की मीच कुणाला तरी खाली उतरवून पुढे निघाले आहे.

काल सगळं गाव आलं. पुरुष ढकलगाड्या घेऊन, बायका टोपल्या घेऊन. बसशेडमधला उतार उकरला, गुलाबांचे वाफे मोडले. दुपारी बायकांनी पोर्चमध्ये चूल मांडली आणि घराला पुन्हा खोबऱ्याच्या दुधाचा वास आला. मी वरच्या मजल्यावर जाऊन थोडा वेळ आईच्या पलंगावर बसून राहिले.

संध्याकाळपर्यंत चौथरा उठला. तीन बाजू कमरेएवढ्या. चौथीचा कोपरा खालीच राहिला, गुडघ्याएवढा खड्डा. शेडमध्ये माती शिल्लक दिसत होती, म्हणून मी जोसायाला म्हटलं, दोन गाड्या अजून आण.

लाइसानीने माझा हात धरला. "तो राहू दे. तो ज्यानं माती नेली त्यानं भरायचा."

"तो येणार नाही गं."

"तू फेब्रुवारीत म्हणालीस येईल, जुलैत म्हणालीस आला नाही, आता म्हणतेस येणार नाही. तुझं काय ऐकायचं?"

रातू चौथऱ्यावर बसले होते, पाय खाली सोडून. त्यांनी ऐकलं आणि ते काही बोलले नाहीत. या वेळी मात्र त्यांचं गप्प बसणं मला नाही असं वाटलं नाही.

तेव्हा ऐक. कधी आलास, या वर्षी किंवा मी गेल्यावरही, तर गेटवर उतरू नकोस. ते गेट तुझं राहिलेलं नाही. फाट्यावर उतर, गावात जा, बरोबर जुडी घे. दारापाशी बस, आणि ते बोलेपर्यंत उठू नकोस. मग मागच्या वाटेने ये. 'शेवटचा स्टॉप'ची पाटी मी आज सकाळीच लावून घेतली, तू लहानपणी जिथे ब्रेक दाबायचास तिथेच. चपला काढ.

शेडमधली माती मी झाकून ठेवली आहे. घमेलं तिथेच आहे.

दीदी